घरखर्चाची वही : वाळूच्या वाटेवरची सायकल

यंदाच्या वहीत सर्वांत मोठी नोंद सायकलीची आहे. फ्रीज नाही, मिक्सर नाही, लग्नाचा आहेरही नाही. ११,८०० रुपये, आणि ते ठरवायला लागलेले जवळजवळ दोन महिने. गेल्या वर्षभरात या सदराला आलेल्या पत्रांत मुलींच्या शाळेच्या वाहतुकीची विचारणा बऱ्याच भगिनींनी केली होती. म्हणून हा हिशोब जरा सविस्तर मांडतो.

आमचं गाव दापोली तालुक्याच्या किनाऱ्याला. मोहल्ल्यापासून हायस्कूलला जायला दोन वाटा. डांबरी रस्ता चढ-उतार घेत, वळसा घालून जातो, सात किलोमीटर. त्यावर चिऱ्यांचे ट्रक, आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या. दुसरी वाट जुनी. मोहल्ल्याच्या मागून सुरूच्या बनात शिरते, अर्धा-पाऊण किलोमीटर निव्वळ वाळू, मग जांभ्याच्या खडीची गाडीवाट, शेवटी एक उतार आणि शाळेचं मागचं फाटक. सगळी मिळून चार किलोमीटर. एस.टी. सकाळी वेळेवर येते, संध्याकाळी मात्र तिचा भरवसा नाही. शाळा साडेपाचला सुटते आणि हिवाळ्यात मगरिबची अजान सहाच्या पुढं लगेच होते. म्हणजे मुलीनं सायकलनं यायचं, तर वाळूच्या वाटेनं यायचं.

आमची मधली लेक नववीत आहे. गेल्या सप्टेंबरात ती चुलत बहिणीची जुनी लेडीज सायकल घेऊन जात होती. बारीक टायर, चकचकीत पोलादी रिम. शाळेजवळच्या उतारावर पावसाची सर नुकतीच गेलेली. तिनं ब्रेक दाबला, सायकल थांबेना. घाबरून पुढचा ब्रेक जोरात आवळला आणि चाक खडीवर सरकलं. मनगटाचं हाड मोडलं. उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये, पहिल्या सत्राच्या परीक्षेला बसता आलं नाही. अल्लाहचे आभार, डोक्याला लागलं नाही. पण घरात एक वाक्य फिरायला लागलं, “आता बस झालं. दहावीपर्यंत कशीबशी जाऊ दे, पुढचं पुढं बघू.” ज्या घरांत मुली आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. ‘पुढचं पुढं बघू’ म्हणून किती मुलींची अकरावी झालीच नाही, ते आमच्याच मोहल्ल्यात मोजता येईल.

प्लास्टर निघाल्यावर लेक म्हणाली, “अब्बा, मी पडले ती सायकलीमुळे. वाटेमुळे नाही.” आम्हाला तेव्हा ते पोरीचं समर्थन वाटलं. नंतर चौकशी केली, तेव्हा कळलं की तिचं म्हणणं निम्म्याहून जास्त खरं होतं.

पोलादी रिम ओली झाली की रबरी ब्रेक तिच्यावर नुसते घसरतात. कोरड्या उन्हात जी सायकल दोन-तीन हातांत थांबते, ती पावसात कितीतरी पुढं जाऊन थांबते. अ‍ॅल्युमिनिअमच्या रिमवर ओल्यातही रबर बऱ्यापैकी पकडतं. कोकणात वर्षाचे चार महिने पाऊस, आणि आपण मात्र चकाकी बघून पोलादी रिम घेतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट टायरची. वाळूत चाक रुततं, ते सायकल जड असते म्हणून नव्हे. टायरमधल्या हवेचा दाब जितका, साधारण तितक्याच दाबानं टायर जमीन दाबतो. बारीक टायर कडक फुगवावा लागतो, नाहीतर रिम दगडावर आपटते. कडक फुगवला की तो वाळू कापत खाली जातो. रुंद टायर कमी हवेवर चालतो, जमिनीवर पसरतो आणि वाळूवरून तरंगल्यासारखा जातो. उंटाचं पाऊल आणि बकरीचं खूर, असा हा फरक. लेकीच्या जुन्या सायकलीचा टायर २६ × १ ३/८, म्हणजे जेमतेम ३५ मिलिमीटर रुंद. तोही आम्ही दगडासारखा फुगवून देत होतो. काळजी म्हणूनच फुगवत होतो, हे विशेष.

मग सल्लागार जमले. दुबईतल्या मामूंचा फोन पहिला. ते सुट्टीच्या दिवशी फजरनंतर अल कुद्राच्या सायकल ट्रॅकवर जातात. वाळवंटातून ऐंशी किलोमीटरहून लांब असा तो खास सायकलींचा रस्ता आहे. त्यांच्या बरोबरीच्या काही जणांकडे ‘ग्रॅव्हल बाईक’ आहेत : रेसच्या सायकलीसारखं वाकडं हँडल, पण टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, खडी-मातीसाठी केलेली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून लांब पल्ल्याची मोठी शर्यत भरते, तिथून या सायकलींचं वेड वाढलं, असं मामू सांगत होते. “मी पाठवतो एक,” म्हणाले. आपल्याकडे अशा सायकलींच्या किमती पन्नास हजारांपुढंच असतात. मामूंचं मन मोठं आहे, पण आम्ही नको म्हटलं. एक तर त्या हँडलवर वाकून, पाठीला सहा किलोचं दप्तर लावून पोरगी कशी बसणार? दुसरं, तिचा एखादा भाग मोडला तर आमच्या नाक्यावरचा मिस्त्री काय करणार? आणि तिसरं म्हणजे शेजारच्या पोरींकडे साधी सायकलही नसताना आपल्या पोरीनं लाखाच्या घरातली सायकल फिरवावी, हे आम्हाला पटेना. इस्राफ फक्त लग्नाच्या दावतीतच होतो असं नाही.

धाकट्याला ‘फॅट बाईक’ हवी होती. चार इंची टायरची, मोटारसायकलसारखी दिसणारी. खरं सांगायचं तर नुसत्या वाळूसाठी तीच सर्वांत उत्तम. ती हवा अगदी कमी ठेवून पुळणीवर मजेत चालते. पण दुकानात आम्ही ती उचलून पाहिली. वीस किलोच्या आसपास भरली असेल. वाळू पाऊण किलोमीटर आणि उरलेली सव्वातीन किलोमीटर खडी, त्यात चढ. पाऊण किलोमीटरच्या सोयीसाठी रोज चार किलोमीटर धोंडा ढकलायचा कशाला? धाकटा दोन दिवस फुगून बसला होता.

थोरल्याचा अनुभव वेगळाच. त्याला पाच वर्षांपूर्वी आम्ही ‘गिअरवाली’ घेऊन दिली होती. पुढं शॉक, मागं शॉक, २१ गिअर, अंगावर मोठमोठी अक्षरं. कुठल्या दुकानातून, ते लिहीत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पुढचा शॉक खाऱ्या हवेनं आणि वाळूनं असा अडकला की तो नुसता दोन-अडीच किलोचा लोखंडी भार उरला. पुढचे गिअर बदलेनात, मागचं गिअरचं यंत्र एका दगडावर आपटून वाकडं झालं. आता ती सायकल एकाच गिअरवर चालते, आणि थोरला म्हणतो, ‘असंच बरं आहे.’ यातून आम्ही शिकलो ते एवढंच की स्वस्तातल्या सायकलीचा शॉक म्हणजे शोभेची वस्तू. रुंद टायर आणि त्यातली बेताची हवा हाच गरिबाचा शॉक, आणि तो गंजत नाही.

डिस्क ब्रेकचा मोह आम्हालाही झाला होता. चिखल-वाळूत तो चांगला, हे खरं; रिम ओली असो की वाकडी, त्याला फरक पडत नाही. पण त्याची पातळ तबकडी गर्दीत एखाद्या सायकलीला अडकून वाकली की घासत राहते, आणि ती सरळ करणारा माणूस दापोलीत, बावीस किलोमीटरवर. रिमवरचे साधे व्ही-ब्रेक नाक्यावरचा मिस्त्री पाच मिनिटांत लावून देतो. त्यांचं रबर वाळूनं लवकर झिजतं, पण नवी जोडी शे-दीडशे रुपयांत येते. शहरात राहणाऱ्यांनी, जवळ जाणकार मिस्त्री असेल, तर डिस्क जरूर घ्यावा.

आता कपड्यांचा प्रश्न, जो सायकलींच्या जाहिरातीत कधीच नसतो. आमच्या मुली सलवार-कमीज घालतात, वर ओढणी, काही जणी अबाया. खडीवर धावणाऱ्या बहुतेक सायकलींना चेनकव्हर नसतं. कापड चेनमध्ये गेलं तर सायकल जागीच अडते आणि पोरगी तोंडावर पडते. मागच्या चाकाला जाळी नसेल तर ओढणी आऱ्यांत जाते, आणि ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होऊ शकतं ते लिहायलाही नको. म्हणून आमची पहिली अट हीच होती : पूर्ण बंद चेनकव्हर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि मधली दांडी खाली वाकलेली. टायर, ब्रेक, रंग सगळं त्यानंतर.

दुकानात मात्र अशा ‘लेडीज’ सायकलींना टायर बारीक, आणि रुंद टायरच्या सायकलींना दांडी उंच. चार दुकानं हिंडलो. शेवटी एका ठिकाणी २६ × १.९५ टायरची, वाकलेल्या दांडीची सायकल मिळाली. १.९५ इंच म्हणजे जवळजवळ ५० मिलिमीटर. टायरच्या मधोमध सलग पट्टी आणि कडांना गोटे, असा ठसा. मोठे गोटे सगळीकडे असले तर डांबरावर सायकल घुरघुरते आणि जड जाते. वाळूत गोट्यांपेक्षा रुंदीच कामाला येते. खडीवरच्या वळणात मात्र कडेचे गोटे पकडतात. पुढं शॉक नाही. गिअर नाही. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर जागा आहे की नाही, तेही पाहिलं, नाहीतर जांभ्याचा चिखल तिथं अडकून चाकच फिरत नाही. रिम मात्र पोलादी होती.

दुकानदार भला माणूस. आम्ही म्हटलं, लेक समोरच्या खडीच्या पट्टीवर चालवून बघेल. तो जरा कुरकुरला, मग हो म्हणाला. इथं एक सांगायचं राहू नये : सायकल बघायला जिला चालवायची तिला न्या. बापाला शोभते ती सायकल नको. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का, ब्रेकचा खटका तिच्या बोटांच्या पोचेत आहे का, हे तिलाच कळतं. आमच्या लेकीची बोटं खटक्यापर्यंत नीट पोचत नव्हती. तिथला एक छोटा स्क्रू फिरवून दुकानदारानं खटका जवळ आणून दिला. जुन्या सायकलीवरही हा स्क्रू होता. आम्हाला माहीत नव्हता.

किंमत ९,४०० रुपये. बिल नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दोन्ही चाकांना अ‍ॅल्युमिनिअमच्या रिम बसवून घेतल्या, मजुरीसकट १,८००. मागची १८ दात्यांची फ्रीव्हील काढून २० दात्यांची लावली, २५० रुपये. या अडीचशे रुपयांचं कौतुक आम्ही अजून करतो. मागं दाते वाढले की पायडल तेवढंच हलकं होतं, दहात एक भाग. डांबरावर वेग किंचित कमी होतो. वाळूत आणि चढावर पोरीला उतरावं लागत नाही. गिअर न घेता अर्ध्या गिअरचं काम झालं. घरासाठी हातपंप, ३५० रुपये. झाले ११,८००.

पैसे कुठून आणायचे, हा वेगळाच विषय झाला. दुकानदारानं ‘नो कॉस्ट ईएमआय’ दाखवला. सहा हप्ते, व्याज शून्य. आमच्या घरात यावर एक संध्याकाळ वाद झाला. थोरला म्हणाला, व्याजच नाही तर हरकत काय? त्यानं मोबाइलवर अटी वाचून दाखवल्या तेव्हा उत्तर तिथंच मिळालं. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सूट म्हणून किमतीतून वजा दाखवतात. वर प्रक्रिया शुल्क, आणि त्या व्याजावर जीएसटीही. ‘शून्य टक्के व्याज’ अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनंही २०१३ साली बँकांना बजावलं होतं. सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीत व्यापार हलाल आणि व्याज हराम केलं आहे, हे आपल्या लेकरांनाही पाठ असतं. व्याज दुसऱ्या नावानं समोर आलं की ओळखायला जरा वेळ लागतो. कुणाची काय मजबुरी असते ते अल्लाह जाणतो, आम्ही कुणाला बोट दाखवत नाही. पण सायकलीसाठी मजबुरी नव्हती. थांबता येत होतं.

थांबावं लागलं नाही. आमच्या अम्मी, म्हणजे मुलांच्या दादी, मोहल्ल्यातल्या बारा जणींच्या भिशीत आहेत. महिना हजार. त्यांची पाळी त्याच महिन्यात लागली होती. आणि खरी गंमत अशी की सायकलीला सर्वांत जास्त विरोध त्यांचाच होता. मुलगी वयात आली, सायकलवर पाय मारत नाक्यावरून जाणार, चार टवाळ पोरं बघणार. लेकीनं एक दिवस मकतबमध्ये ऐकलेलं सांगितलं, की प्रेषित (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रवासात धावण्याची शर्यत लावली होती, हदीसमध्ये आहे. दादी म्हणाल्या, “मला पण माहीत आहे. आधी बरोबरच्या लोकांना पुढं पाठवून दिलं होतं त्यांनी. नाक्यावर नव्हते धावले.” लेक गप्प. आम्हीही गप्प, कारण दादींचं बरोबर होतं.

मग लेकीनंच सांगितलं, की सुरूच्या वाटेला नाका लागतच नाही. डांबरी रस्त्यानं गेलं तर नाका, पानपट्टी, बसथांबा, सगळं. वाळूच्या वाटेनं सुरूची झाडं आणि आमचेच दोन-तीन वाडे. पण ती वाट साध्या सायकलीनं होत नाही. दादींनी त्यावर काही म्हटलं नाही. दोन दिवसांनी भिशीचे बारा हजार आमच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, “एकटी जायचं नाही. कासारांच्या पोरीला बरोबर घे.” सायकल आल्यावर उरलेले दोनशे रुपये त्यांनी मोजून परत घेतले.

हवेचं एक सांगतो. टायरच्या कडेला कमी-जास्त दाबाचे आकडे छापलेले असतात. आमच्या टायरवर ३५ ते ६५ आहे. आम्ही ३५ च्या आसपास ठेवतो. याहून फारच कमी केली तर खडीवर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि एकाच जागी दोन भोकं पडतात. घेताना ट्यूबचा वॉल्व मोटारसायकलसारखा मागा. त्याला दाब मोजायचं यंत्र लागतं. पण पेट्रोल पंपावर हवा भरायला पोरांना पाठवू नका. तिथली हवा एका झटक्यात भरते, सायकलची ट्यूब फुटते.

वाळूत चालवण्याचीही एक रीत आहे, ती लेकीनं पुळणीवर आठवडाभर सराव करून बसवली. हँडल घट्ट आवळायचं नाही, अंग जरा मागं, पाय थांबवायचे नाहीत आणि एकदम वळायचं नाही. वाळूत शिरण्याआधीच वेग घ्यायचा. ओहोटीनंतरची ओली पुळण डांबरासारखी टणक असते, कोरडीत मात्र चाक डुलतं, डुलू द्यायचं. उतारावर खडी आली की ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही मिळून, हळू. जिथं वाटलं की जमणार नाही, तिथं उतरून चालायचं. यात लाज कसली?

खाऱ्या हवेचा इलाज गोड्या पाण्याचा. पुळणीवरून आली की एक तांब्या गोडं पाणी, मग फडकं. चेनला आठवड्यातून एकदा तेल, जुम्याच्या सकाळी, आणि तेल घातल्यावर चेन बाहेरून कोरडी पुसायची. ओल्या तेलाला वाळू चिकटली की ती चेन खाऊन टाकते. आम्ही आधी भरपूर तेल घालून पुण्य केल्यासारखे खूष असायचो. खोबरेल तर मुळीच नको.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी : मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. आपला तालुका त्यात आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. अर्ज शाळेतूनच जातो. बिहार सरकारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या त्या वयाच्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि जिथं शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथं जास्त. आमची शाळा चार किलोमीटरवर आहे. दादींना हा आकडा वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, बिहारमध्ये वाळू आहे का?

सायकल येऊन तीन महिने झाले. पंधरा दिवसांनी सगळे नट एकदा आवळून घेतले, नव्या रिमचे आरे थोडे सैल पडले होते, तेही ताणून घेतले. एक पंक्चर झालं, सुरूच्या बोंडानं नव्हे, शाळेच्या फाटकाजवळच्या खिळ्यानं. मगरिबच्या आधी पोरगी घरी येते. कासारांची पोर आधी मागच्या कॅरिअरवर बसून जायची. आता तिच्या घरीही चौकशी सुरू आहे, आणि तिचे अब्बा परवा आमच्याकडे येऊन टायर दाबून बघून गेले. त्यांना आम्ही रिमचं सांगितलं, ब्रेकच्या स्क्रूचं सांगितलं. भिशीची पुढची पाळी कुणाची आहे, ते त्यांनी दादींना विचारलं.